पाच बोटांचे बूट, चवड्यावरची धाव आणि दुखावलेले पंजे

मे २०१४ मध्ये विब्रम या इटालियन कंपनीने अमेरिकेतल्या एका दाव्यात ३७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड मान्य केली. विब्रम म्हणजे तीच, ट्रेकिंगच्या बुटांच्या सोलवर जिचा पिवळा अष्टकोनी लोगो असतो. वाद होता त्यांच्या फाइव्हफिंगर्स बुटांवरून, ज्यात प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असतो, सोल अगदी पातळ आणि टाचेखाली गादी नाहीच. तक्रार साधी होती. हे बूट घालून पळलं की पायाचे स्नायू मजबूत होतात आणि दुखापती कमी होतात असं कंपनी जाहिरातीत म्हणते, आणि त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण पैसे द्यायची तयारी दाखवली आणि पक्का पुरावा हातात असल्याशिवाय असे दावे करणार नाही हेही मान्य केलं. मार्च २००९ नंतर बूट घेतलेल्यांना जोडीमागे ९४ डॉलरपर्यंत मिळतील असं ठरलं होतं, पण अर्जच इतके आले की शेवटी हातात पडले साडेआठ डॉलरच्या आसपास. चहापाण्याचे पैसे म्हणायचे.

प्रकरण जुनं आहे तरी मांडून ठेवतोय, कारण आपल्या रनिंग ग्रुपांमध्ये आजही ते वाक्य ऐकू येतंच, 'अरे तू टाचेवर पळतोयस, गुडघे जाणार तुझे', आणि मग तो बिचारा दुसऱ्या दिवशीपासून चवड्यावर पळायला लागतो आणि महिन्याभरात पोटरी धरून बसतो. फाइव्हफिंगर्सच्या निमित्ताने हाच प्रयोग हजारो लोकांनी एकदम स्वतःवर करून घेतला, आणि त्यातून पळण्याची ढब आणि दुखापत यांच्या नात्याबद्दल जे कळलं ते कुठल्याही एका शोधनिबंधापेक्षा जास्त आहे असं माझं मत आहे.

हवा कशी झाली

२००९ मध्ये मेक्सिकोच्या डोंगरात पातळ चपला घालून मैलोन्‌मैल पळणाऱ्या ताराहुमारा लोकांवर एक पुस्तक आलं, ते तुफान खपलं, आणि जाड गादीचे बूटच आपल्याला बिघडवतात ही कल्पना घराघरात पोचली. लगेच जानेवारी २०१० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हार्वर्डच्या डॅनिएल लिबरमन यांचा पेपर आला. त्यांनी केनियाच्या रिफ्ट व्हॅलीतले अनवाणी पळणारे आणि अमेरिकेतले बूट घालून पळणारे यांची तुलना केली होती. टाच आधी टेकली की जमिनीकडून येणाऱ्या जोराच्या आलेखात पहिल्या पन्नासेक मिलिसेकंदांतच एक टोकदार उंचवटा दिसतो. चवड्यावर पडणाऱ्यांमध्ये तो जवळपास गायब असतो, रेघ गुळगुळीत वर चढते. लहानपणापासून अनवाणी पळणारे बहुतेक चवड्यावर पडत होते, बूटवाले बहुतेक टाचेवर.

आता हे निरीक्षण भारीच होतं, पण त्या पेपरमध्ये दुखापती मोजलेल्याच नव्हत्या. आदळण्यामुळे होणाऱ्या काही दुखापतींपासून अशा पळण्याने संरक्षण मिळू शकेल, इतक्याच बेताच्या भाषेत ते लिहिलं होतं. संशोधनाला काही पैसे विब्रमकडूनही आले होते, आणि तेही पेपरमध्ये स्पष्ट छापलेलं होतं, लपवाछपवी काही नव्हती. पण 'शकेल'चं 'होतं' व्हायला किती वेळ लागतो, दुकानातल्या पाटीवर तर अजिबातच लागत नाही.

मग २०१२ मध्ये हार्वर्डच्याच क्रॉस-कंट्री टीमचा अभ्यास आला. ५२ धावपटू, त्यातले ३६ टाचेवर पडणारे आणि १६ चवड्यावर. वर्षभरात जवळजवळ तीन चतुर्थांश मुलामुलींना मध्यम किंवा गंभीर दुखापत होत होती (हा आकडाच आधी पचवावा लागतो, खेळ म्हणून धावणं किती महाग आहे ते कळतं), आणि सतत तोच ताण पडून होणाऱ्या दुखापती टाचवाल्यांमध्ये साधारण दुप्पट होत्या. झालं, लोकांना वाटलं निकाल लागला.

पण नीट बघा. ती मुलं आपापल्या ढबीने वर्षानुवर्षं पळत आलेली होती, कोणी कोणाची ढब बदललेली नव्हती. चवड्यावर पळणारा ठणठणीत आहे एवढ्यावरून टाचेवर पळणाऱ्याला चवड्यावर आणला की तोही ठणठणीत होईल असं कसं म्हणायचं? तिथली मधली पायरी कोणी तपासलीच नव्हती, आणि बूट विकले जात होते ते त्याच पायरीवर.

पंजात नेमकं काय झालं

पायरी तपासली ती अमेरिकेतल्याच ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीने, २०१३ मध्ये. नियमित पळणारे ३६ जण घेतले, १९ जणांनी १० आठवड्यांत हळूहळू फाइव्हफिंगर्सकडे वळायचं आणि १७ जणांनी आपल्या नेहमीच्या बुटात पळत राहायचं. आधी आणि नंतर पायाचा एमआरआय. एक्स-रे नाही, एमआरआय, हे महत्त्वाचं, कारण हाडाच्या आत सूज यायला लागते तेव्हा एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही. १९ पैकी १० जणांच्या पायात किमान एका हाडात ही सूज वाढलेली सापडली. म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि हे कोणी वेडेवाकडे पळणारे नव्हते, हळूहळू बदला असं सांगून, वेळापत्रक देऊन केलेला बदल होता.

त्याच्याही आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून असे बूट वापरणाऱ्यांच्या पंजाच्या हाडांमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्याच्या केसेस छापून आल्या होत्या. आपल्याकडे लोक त्याला सरसकट हेअरलाइन फ्रॅक्चर म्हणतात. पडून, आपटून मोडलेलं हाड नव्हे हे, रोजच्या ताणाने थोडं थोडं तडकत गेलेलं.

हे का होतं ते समजून घेतलं तर बाकी सगळं आपोआप लागतं. ७० किलोचा माणूस साध्या वेगाने पळतो तेव्हा प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या साधारण अडीच पट जोर येतो, म्हणजे १७५ किलोच्या आसपास. तासाभरात १० किलोमीटर पळणारा मिनिटाला १६५ पावलं टाकत असेल तर जवळजवळ दहा हजार पावलं, एकेका पायावर पाच हजार. आता टाचेवर पडा नाहीतर चवड्यावर, हा मोठा जोर कुठेही जात नाही. सुरुवातीचा तो टोकदार उंचवटा गेला तरी त्यामागून येणारा मुख्य डोंगर तसाच उभा असतो. बदलतं ते हे, की तो कोण उचलतं. टाच आधी टेकली तर गुडघ्यावर, विशेषतः वाटीच्या मागच्या सांध्यावर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जास्त काम येतं. चवडा आधी टेकला तर घोटा, पोटरी, अकिलीस म्हणजे टाचेच्या मागची ती जाड शीर, आणि बोटांच्या मागची लांबट हाडं कामाला लागतात. हंडा डोक्यावरून कमरेवर घेतला म्हणून पाणी कमी होत नाही, मान सुटते आणि कंबर धरते, तसलाच प्रकार.

आणि ती लांबट हाडं, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागची, बारीक असतात. जाड बुटात आयुष्य काढलेल्या माणसाच्या या हाडांनी तसा भार कधी पाहिलेलाच नसतो. हाड ताणाला उत्तर देतं, मजबूत होतं, हे खरं, पण त्याची रीत अशी की आधी जुना भाग खरवडून काढला जातो आणि मग तिथे नवा भरला जातो. खरवडायचं काम आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. म्हणजे मध्ये एक काळ असा येतो की हाड आधीपेक्षा कमजोर असतं. पोटरीचे स्नायू मात्र दोन-तीन आठवड्यांत सरावतात, सुरुवातीची ठणक थांबते, आणि माणसाला वाटतं जमलं की आपल्याला. तो अंतर वाढवतो. नेमका त्याच वेळी हाड अर्धवट खरवडलेलं असतं. फाइव्हफिंगर्समध्ये पाय दुखावून घेतलेल्या बऱ्याच लोकांची गोष्ट याच क्रमाने जाते, आधी पोटरी दुखली, मग बरं वाटलं, मग मजा यायला लागली, आणि मग एक दिवस पंजाच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं तरी कळ.

अजून एक गडबड होती जिच्याकडे जाहिरातींनी पाहिलंच नाही. बूट बदलला की ढब आपोआप बदलेल असं धरून चाललं होतं. प्रत्यक्षात बरेच लोक पातळ बुटातही टाचेवरच आपटत राहिले. म्हणजे गादीही गेली आणि ढबही तीच, यापेक्षा वाईट सौदा नाही.

सगळे अनवाणी चवड्यावरच पळतात का

तर नाही. २०१३ मध्येच उत्तर केनियातल्या दासनाच लोकांवर अभ्यास आला, हेही जन्मापासून अनवाणी. ३८ जणांना त्यांच्या सोयीच्या, दमाने पळायच्या वेगाने पळायला लावलं तर ७२ टक्के वेळा टाच आधी टेकली. वेग वाढवला तसं हे प्रमाण कमी झालं. म्हणजे केनिया म्हटलं की एकच ढब असं काही नसतं, वेग, जमीन, सवय सगळं त्यात येतं. दुसऱ्या टोकाला जपानमधल्या साप्पोरोची २००४ ची हाफ मॅरेथॉन घ्या, वरच्या दर्जाचे धावपटू, १५ किलोमीटरच्या टप्प्यावर कॅमेरा लावून २८३ जणांची पावलं तपासली, तर त्यातले ७४.९ टक्के टाचेवर आणि निव्वळ चवड्यावर फक्त १.४ टक्के. टाचेवर पळणं हा जर आजार असेल तर तो आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने पळणाऱ्यांना झालेला आहे.

आपल्याकडे हा विषय निघाला की मिलिंद सोमणचं नाव येणारच. तो अनवाणी लांब लांब अंतरं पळतो, सगळ्यांनी पाहिलंय. पण त्याच्याकडे बघून रविवारी बूट घरी ठेवणाऱ्याने हे लक्षात घ्यावं की त्याला ते वर्षानुवर्षांच्या सवयीने जमतं, आणि तो लहानपणापासून राष्ट्रीय पातळीवर पोहलेला माणूस आहे, त्याचा दम आणि त्याची हाडं या दोन्ही गोष्टी आपल्या खात्यात जमा नाहीत.

मग ढबीचा काही संबंधच नाही का

आहे ना, चांगलाच आहे. इथे लोक दुसऱ्या टोकाला जातात, 'कसंही पळा काही फरक पडत नाही', तेही मला पटत नाही.

मिनिटाला पडणारी पावलं, म्हणजे कॅडन्स, हे सगळ्यात साधं उदाहरण. वेग तोच ठेवून पावलं १० टक्क्यांनी वाढवली तर पाऊल आखूड पडतं, पाय शरीराच्या फार पुढे जाऊन टेकत नाही, आणि वाटीच्या सांध्यावरचा जास्तीत जास्त जोर साधारण १४ टक्क्यांनी उतरतो असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं. यात टाच-चवडा भानगडच नाही. आणि ते १८० चं खूळही डोक्यातून काढा, ते १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजून जॅक डॅनिएल्स या कोचने मांडलेलं निरीक्षण, तेही शर्यतीच्या वेगाचं. ५ फूट ११ इंच उंचीच्या माणसाने सकाळी गप्पा मारत पळताना १८० गाठायचा हट्ट कशाला धरायचा, त्याचं १५८ असेल तर १६६ करून बघावं, बस.

२०१८ मध्ये हाँगकाँगचा अभ्यास आला, मला यातला सगळ्यात बोलका वाटतो. ३२० नवशिके धावपटू. निम्म्यांना दोन आठवडे ट्रेडमिलवर स्क्रीन दाखवून हलकं पाऊल टाकायला शिकवलं, बाकीचे नुसते पळले. वर्षभरात शिकवलेल्यांपैकी १६ टक्के दुखावले, न शिकवलेल्यांपैकी ३८ टक्के. फरक मोठा आहे, नाकारायचं कारण नाही. पण आतला तपशील वाचा, कोणाला काय झालं तो. न शिकवलेल्यांमध्ये गुडघा आणि तळव्याची दुखणी जास्त, आणि शिकवलेल्यांमध्ये अकिलीस आणि पोटरीची जास्त. हंडा पुन्हा सरकलाच.

याच सरकण्याचा मुद्दाम फायदा घेता येतो, हे अमेरिकन लष्करी अकादमीतल्या कामातून दिसलं, २०१२. तिथे १० जणांना पळताना नडगीच्या पुढच्या कप्प्यात दाब वाढून पाय भरून यायचा, एरवी याच्यावर ऑपरेशन सांगतात. त्यांना सहा आठवडे चवड्यावर पळायला शिकवलं, आतला दाब उतरला, अंतर वाढलं, ऑपरेशन टळलं. म्हणजे ज्या ढबीने एका जागी पंजाची हाडं सुजवली तिनेच दुसऱ्या जागी पाय वाचवला. दुखतंय कुठे हे विचारल्याशिवाय ढब चांगली की वाईट हे सांगताच येत नाही, आणि कंपनीला तर ते कोणाला विचारायचंच नव्हतं, एकच बूट सगळ्यांना विकायचा होता.

इंग्लंडच्या सॅलफर्डमध्ये ७२ दुखावलेले आणि ३६ धडधाकट धावपटू तपासले तेव्हा सगळ्यात ठळक फरक पावलात नव्हताच, कमरेत होता. एका पायावर भार आला की दुसऱ्या बाजूचा खुबा खाली झुकायचा, दुखावलेल्यांमध्ये जास्त. अर्थात ते आधीच दुखावलेले होते, त्यामुळे झुकल्यामुळे दुखलं की दुखल्यामुळे झुकायला लागलं हे त्यावरून ठरत नाही. आणि पाय आत कलतो म्हणून खास बूट घ्या असं जे दुकानात सांगतात, त्याबद्दल डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्यांना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं, पाय आत कलणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या नाहीत.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारं काम मात्र कॅनडातल्या क्युबेकचं, २०१८. गुडघ्याच्या वाटीमागे दुखणारे ६९ धावपटू, तीन गट. एका गटाला फक्त अंतर, वेग आणि चढ-उतार दुखण्याच्या बेताने कसे सांभाळायचे ते शिकवलं. दुसऱ्याला ते आणि व्यायाम. तिसऱ्याला ते आणि ढबीत बदल. तिन्ही गट सारखेच सुधारले. ढब बदललेल्यांची ढब खरोखर बदलली होती, मोजली होती, पण दुखणं त्यामुळे जास्तीचं कमी झालं नाही. भार आवरता घेणं यातच बहुतेक काम झालं होतं.

२०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या घड्याळांमधल्या नोंदी तपासलेला अभ्यास आला तोही याच दिशेचा. मागच्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब पळण्यापेक्षा एखाद्या दिवशी १० टक्क्यांहून जास्त अंतर पळलं की धोका वाढतो, दुप्पटीच्या वर गेलं तर फारच. आठवड्याच्या बेरजा सांभाळून उपयोग नाही, तो एक दिवस नडतो.

विब्रमचं प्रकरण मिटेपर्यंत बाजार उलट्या टोकाला गेलेला होता, जाडजूड गादीचे बूट, आणि २०१७ पासून कार्बन प्लेटवाले, म्हणजे सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी बसवलेले. २०२३ मध्ये कार्बन प्लेट वापरणाऱ्या पाच जणांच्या पायाच्या मधल्या भागातल्या एका हाडाला असाच ताण येऊन इजा झाल्याच्या केसेस छापल्या गेल्या. पाच म्हणजे काही सिद्ध झालं असं नाही, पण नवीन बूट घेऊन पहिल्याच आठवड्यात त्यातून ३० किलोमीटर मारणारे लोक आपल्याकडेही आहेत, त्यांनी वाचायला हरकत नाही.

तर आता कोणी मला फोनवर स्वतःचा स्लो-मोशन व्हिडिओ दाखवून 'टाच टेकतेय, बदलू का' विचारलं तर मी आधी विचारतो दुखतंय का, आणि कुठे. काहीच दुखत नसेल तर ढबीला हात लावायचं मला कारण दिसत नाही. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल आणि पाऊल फार पुढे पडत असेल तर अंतर कमी करून पावलं पाच-सात टक्क्यांनी वाढवून बघायचं, तेही मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक तालात टिकटिक करणारं ॲप, लावून, आधी रोज थोडा वेळच. अकिलीस किंवा पोटरी धरलेली असेल तर चवड्यावर जायचा विषयच काढायचा नाही, उलट साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा चढ रोज मारत असाल तर तो आधी थांबवा, चढावर पोटरी तशीही जास्त राबते, आणि उताराला गुडघे. कोणाला हौस म्हणून ढब बदलायचीच असेल तर महिने द्यायची तयारी हवी, आणि रेसच्या तीन महिने आत तर नकोच. मध्येच पंजाच्या वर किंवा नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखायला लागलं, रात्री झोपेतही ठणकलं, त्या पायावर उडी मारताना कळ आली, तर पळणं त्या दिवशीच बंद करून डॉक्टरांकडे जायचं, आणि एक्स-रे नॉर्मल आला म्हणून लगेच पुन्हा सुरू करायचं नाही, एमआरआयबद्दल विचारायचं.